आरशाआधी तीन बोटं

पोरींनो, दातांचा पेशंट खुर्चीत बसला की लगेच आरसा तोंडात घालू नका. "आबा, आ करा," म्हणा आणि त्यांचीच तीन बोटं पुढच्या दातांमध्ये उभी मावतात का बघा. आमच्याकडे जळगाव-चोपड्याची तरणी पोरं येतात, दोनच बोटं जातात. तिखटाने आग होते म्हणतात. (शेवभाजी सोडणार कोण?) हे सुपारी-गुटख्याचं काम. गाल आतून पांढुरका, ताठ होतो. नाव सबम्युकस फायब्रोसिस. गुटखाबंदी २०१२ची, पुडी अजून खिशात.

मग गाल, ओठामागची खाच, शेवटी गॉजने जीभ धरून तिच्या कडा आणि खालची बाजू. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर जागा कार्डावर लिहा, डॉक्टरांना तिथल्या तिथे दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका.

बायका तंबाखूला 'नाही' म्हणतात. "माय, मिसरी लावता का?" असं विचारा. ती भाजलेली तंबाखूच.

दात किडू नयेत म्हणून पेशंटला सांगा: फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका.