कांगेर घाटीतल्या गुहा बघायला जाताना या चुका टाळा

छत्तीसगडमधल्या बस्तरला निघालेल्या बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव चित्रकोट धबधब्याचं असतं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. इंद्रावतीचं पाणी काठोकाठ कोसळताना बघायचं म्हणून लोक ऑगस्ट-सप्टेंबरचा बेत आखतात. त्याच दिवसांत कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसर गुहा बंद असते. पावसाचं पाणी आत शिरतं, वाटा बुडतात. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ती उघडत नाही, आणि नेमकी तारीख दरवर्षी पावसावर ठरते. म्हणून आधी ठरवा की तुम्हाला धबधबा बघायचाय की गुहा. गुहेसाठी जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. चित्रकोटला तेव्हा पाणी कमी असेल, पण असेल. निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी कराच, कारण कुटुमसर, कैलास आणि दंडक या तिन्ही गुहा एकाच वेळी खुल्या असतील असं नाही.

सगळं एका दिवसात उरकणं

बस्तरचं मुख्य शहर जगदलपूर. तिथून चित्रकोट एका दिशेला आणि कांगेर घाटी दुसऱ्या दिशेला, दोन्ही तीस-चाळीस किलोमीटरवर. सकाळी एक, दुपारी दुसरं असं केलं की गुहेच्या वाट्याला दिवसाचा शेवट येतो. उद्यानाच्या नाक्यापासून गुहेपर्यंत जंगलातून गाडीने जावं लागतं, आणि आत जायला वाटाड्या लागतोच. उशिरा पोचलात तर परत फिरावं लागेल. कुटुमसर आणि तीरथगडचा धबधबा एका दिवशी ठेवा, चित्रकोट वेगळ्या दिवशी.

थंडीचे कपडे घालून आत उतरणं

बाहेर डिसेंबरचा गारठा असला तरी आत तापमान वर्षभर साधारण २८ अंशांच्या आसपास राहतं आणि हवा दमट असते. स्वेटर घालून अरुंद फटीतून पायऱ्या उतरणारा माणूस थोड्याच वेळात घामाघूम होतो आणि त्याला वाटतं, श्वास कोंडतोय. स्वेटर गाडीत ठेवा. पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘एवढं आलोय तर चला’ असा आग्रह करू नका.

लवणस्तंभांना हात लावणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तीच सगळ्यात महाग पडते. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवत खाली येतं. गुहेच्या हवेत तो वायू निसटतो आणि थेंबातला चुना मागे राहतो. असे थेंबाथेंबाने छतातून लोंबणारे आणि जमिनीतून उठणारे स्तंभ तयार होतात. शंभर वर्षांत वाढ होते ती काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. हाताचं तेल त्या पृष्ठभागावर बसलं की पुढचा थर नीट धरत नाही, डाग पडतो, आणि तो पुसायची सोय नसते.

त्या थरांत काय साठलेलं असतं, हे कळलं तर हात आपोआप मागे येईल. याच उद्यानातल्या दंडक गुहेतल्या एका स्तंभावरून शास्त्रज्ञांनी इसवी सन ६०० ते १५०० या काळातल्या मोसमी पावसाचा माग काढला. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस कमी पडला ते काळ त्या थरांतून वाचता येतात, चौदाव्या-पंधराव्या शतकांतली मोठी तूटही त्यांत आहे. महाराष्ट्रात बारा वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच सुमाराचा, १३९६ च्या आसपास सुरू झालेला. आपल्या पूर्वजांनी सोसलेल्या अवर्षणाची नोंद बस्तरच्या दगडात आहे, आणि आपण त्यावर नाव कोरायचं? आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंगच. मोडून पडलेला तुकडा दिसला तरी तो तिथेच राहू द्या.

उदबत्ती आणि नारळ

कुटुमसरमध्ये शिवलिंगासारखा दिसणारा एक स्तंभ आहे. लोक श्रद्धेने हात जोडतात, त्यात वावगं काहीच नाही. पण उदबत्तीचा, कापराचा धूर बंद जागेतून निघून जात नाही. तो भिंतींवर बसतो आणि वटवाघळांना त्रास देतो. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आत नेत, त्यांच्या काजळीनेही हेच केलं. फुलं, खोबरं, प्रसाद सांडला की बाहेरची बुरशी आणि कीटक आत येतात. आत नमस्कार तेवढा करा, नारळ बाहेर येऊन फोडा.

आंधळ्या माशांच्या पाण्यात पाय घालणं

गुहेतल्या डबक्यांत बोटाएवढा फिकट मासा राहतो. पिढ्यानपिढ्या काळोखात राहिल्याने त्याचे डोळे खुरटलेत आणि अंगावरचा रंग गेलाय. तो ज्या जातीत धरला जातो, त्या इंडोरिओनेक्टीस एव्हेजार्डीचं पहिलं वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशावरून केलं होतं. म्हणजे नातं आपल्याकडच्या ओढ्यांशी आहे. त्याचं खाणं बहुतेक पावसाळ्याच्या पुराबरोबर येतं, एरवी जे उरलंय त्यावरच भागवावं लागतं. त्या पाण्यात साबण, मच्छर पळवायचं मलम किंवा बिस्किटाचा चुरा गेला तर तो वाहून जात नाही. मासा जवळून दिसावा म्हणून पाणी ढवळू नका. त्याचा फोटो न मिळाला तरी चालेल.

वटवाघळं छताला दिसली तर आवाज खाली आणा, बत्ती पायाकडे वळवा आणि फ्लॅश बंद ठेवा. ती उडू लागली तर किंचाळून पळू नका. थांबा, ती वाट काढतात.

अडचण आली तर

बत्ती विझली तर जागेवर उभे राहा आणि वाटाड्याला हाक मारा. अंधारात पाऊल टाकलं की घसरण ठरलेली. म्हणून माणशी एक विजेरी जवळ असावी. निव्वळ मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. जीव घाबरला, डोकं जड झालं तर लगेच सांगा आणि परत फिरा. मागची रांग खोळंबेल याचा संकोच नको. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा रोख पैसे जवळ ठेवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी परतायची वेळ सांगून निघा.

उद्यानातल्या भैंसादरहा डोहात मगरी आहेत, काठावर उतरून सेल्फी काढू नका. पहाडी मैना, छत्तीसगडचा राज्यपक्षी, इथे दिसते. मोबाइलवर तिचा आवाज वाजवून तिला बोलावू नका. इथल्या धुरवा आदिवासींच्या पाड्यात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

आणि इतकं करूनही गुहा बंद निघाली, तर वाटाड्याला जास्तीचे पैसे देऊन ‘जरा आत डोकावू द्या’ अशी गळ घालू नका. त्याची रोजी त्याच गुहेवर आहे. तीरथगडला जा, धुडमारास गावी बांबूच्या तराफ्यावरून कांगेर नदीत फिरून या, आणि गुहेसाठी हिवाळ्यातली तारीख तिथेच विचारून घ्या.