जुन्या बुलेट ३५० चं इंजिन: मूळ काय, बदललेलं काय

गाडी विकत घ्यायला गेलात की आधी लोहचुंबक सिलिंडरच्या फिन्सना (बाहेरच्या आडव्या पात्यांना) लावा. जुन्या बुलेटचा बॅरल, म्हणजे सिलिंडरचा तो भाग, बिडाचा, म्हणजे चिकटलाच पाहिजे. नाही चिकटला तर नंतरचा ॲल्युमिनियम बॅरल बसवलाय. हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, मात्र मुळातच ॲल्युमिनियमचं, तिथे चुंबक लावून घाबरू नका.

हेड उघडलंच तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजा: मूळ ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९०, म्हणून ३४६ सीसी. थोडा जास्त भरला आणि पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा असेल, तर ती साधी रीबोअरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा पिस्टन घातलाय. भाव पाडून मागायचं कारण नाही. ८४ भरला तर ते ५०० चं सामान.

खरी लबाडी क्रँककेसवरच्या (इंजिनाच्या खालच्या कवचावरच्या) इंजिन नंबरात होते. रंग थिनरने काढा. पॉलिश पेपर मारलात तर पुरावाच घासला जाईल. आकड्यांखाली ग्राइंडरच्या रेघा, आजूबाजूपेक्षा खोलगट किंवा जास्त गुळगुळीत जागा दिसली की आरसी बुक हातात घेऊन अंक न् अंक ताडून बघा. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलेलं असेल तर जुने भाग मागून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची तर इंजिनातला मोठा फेरफार आड येतो.