पैसे न भरता शोधनिबंध मिळाला

गुहागरकडच्या एका मुलाला आजीकडे ठेवावं की बालगृहात, याचा अहवाल बालकल्याण समितीला द्यायचा होता. नात्यातल्या संगोपनावरचा शोधनिबंध सापडला, पण उघडायला डॉलर मागत होता. आमच्यासारख्या छोट्या संस्थेने ते आणायचे कुठून?

गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची गूगलची सोय) निबंधाखालच्या ‘ऑल व्हर्जन्स’वर गेले, तिथे विद्यापीठाने ठेवलेली मोफत पीडीएफ होती. ब्राउझरला ‘अनपेवॉल’ हे मोफत एक्स्टेंशन जोडून घ्या. कायदेशीर मोफत प्रत असली की कडेला हिरवं, उघडं कुलूप दिसतं. सामाजिक संशोधनाचे आढावे काढणाऱ्या कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संस्थेचा याच विषयावरचा २०१४ चा आढावा तर सर्वांना खुला आहे. त्यात नातेवाइकांकडची मुलं परक्या पालक-कुटुंबांतल्या मुलांपेक्षा वागणुकीत, मानसिक आरोग्यात बरी आढळली. तुलना बालगृहाशी नाही, हे अहवालात मुद्दाम लिहिलं. मराठी सारांश अंगणवाडीताईंनाही पाठवला.