चित्रेच्या खाली तीन मुठी: ठाण्याजवळून ‘सेंटॉरस ए’ कशी पाहावी

नरतुरंग या दक्षिणेकडील तारकासमूहातील ‘सेंटॉरस ए’ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह, म्हणजे गॅलक्सी) सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. खगोलशास्त्रज्ञ जेम्स डनलॉप यांनी ती १८२६ साली ऑस्ट्रेलियातून शोधली. तिची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधुक) ६.८ च्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर असल्याने १० बाय ५० ची (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, तरी हाताशी हवीच.

ठाण्याच्या अक्षांशावरून ही दीर्घिका क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर येते, म्हणून जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. घोडबंदर रोडवरच्या गच्चीतून डोक्यावरचे आकाश एखाद्या रात्री बरे मिळते. परंतु दक्षिणेला मुलुंड, ऐरोली, वाशी यांच्या दिव्यांचा उजेड पसरलेला असतो आणि आपल्याला नेमके तिकडेच पाहायचे असते. त्यापेक्षा मुरबाडच्या पुढे, दक्षिणेला डोंगर आड येणार नाही असे माळरान गाठावे.

चैत्र पौर्णिमेला चंद्र चित्रा या तेजस्वी ताऱ्याजवळच असतो, त्यामुळे ती रात्र टाळून अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. दीर्घिका एप्रिलच्या मध्याला रात्री साडेबाराच्या सुमारास, तर मेच्या मध्याला साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असते. चित्रा आणि ही दीर्घिका जवळजवळ एकाच वेळी मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतात, ही निरीक्षकाची फार मोठी सोय आहे. चित्रा बरोबर दक्षिणेला आली की हात ताठ करून तिच्याखाली साडेतीन मुठी मोजाव्यात. तेथे द्विनेत्रीत ‘ओमेगा सेंटॉरी’ हा गोलाकार तारकागुच्छ कापसाच्या बोंडासारखा दिसतो. त्याला दृष्टिक्षेत्राच्या खालच्या कडेला ठेवावे, म्हणजे साडेचार अंश वर असलेली दीर्घिका त्याच क्षेत्रात पुसट गोल डागासारखी सापडते.

तिचे खरे रूप पाहायचे तर सहा ते आठ इंची दुर्बीण आणि ५० पटींच्या आसपासचे वर्धन घ्यावे. डोळे अंधाराला सरावण्यासाठी अर्धा तास मोबाइल बंद ठेवावा, डोक्यावर गडद कापड ओढावे आणि डागाकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवावी. मग डागाला मधोमध दुभागणारा काळसर पट्टा उमटू लागतो. तो धुळीचा आहे. या दीर्घिकेने पूर्वी गिळलेल्या दुसऱ्या दीर्घिकेचे ते अवशेष असल्याचे मानले जाते. क्षितिजालगतची धूसर हवा मधूनच क्षणभर निवळते आणि तेवढ्यापुरताच पट्टा स्पष्ट होतो, त्यामुळे निदान पंधरा मिनिटे तरी डोळा नेत्रिकेवरून (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगावरून) काढू नये.