पुण्याभोवतीच्या मुरमाड वाटांवर सायकल: या चुका टाळा

हडपसर ओलांडून मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं लोणी काळभोरकडे निघालं की थोड्याच वेळात सोलापूर रस्त्याचा आवाज मागे पडतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, समोर दोन चाकोऱ्यांची मातीची वाट. सासवड-जेजुरीकडची माळरानं, सुप्याकडच्या गाडीवाटा, गावागावांतले पाणंद रस्ते धरले तर मोटारीचं तोंड न बघता अख्खी सकाळ सायकल चालवता येते. गेली काही वर्षं मी जवळजवळ दर रविवारी या वाटांवर असतो. तिथं अडकलेले सायकलवाले भेटतात, आणि बहुतेकांची अडचण त्याच चार-पाच चुकांतून आलेली असते.

सगळ्यात मोठी चूक माती न ओळखण्याची. मुरूम आणि काळी माती हे दोन वेगळे प्रदेश आहेत असंच समजा. मुरमातून पाणी झिरपून जातं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर काही तासांत वाट चालवण्याजोगी होते. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि चाकाला लिंपल्यासारखी बसते. ओल्या काळ्या मातीत शंभर पावलं गेलात तरी चाक आणि फोर्क (चाक दोन्ही बाजूंनी धरणारा दांडा) यांच्यामधली फट भरते आणि चाक फिरायचं थांबतं. इथं जोर लावून पेडल मारणं ही दुसरी चूक. चिखलात अडकलेला मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो, त्याला सायकलला जोडणारा हँगर वाकतो किंवा मोडतो, आणि मग सायकल हातात धरून गाव गाठावं लागतं. चाक जड लागताच उतरा. बाभळीच्या काडीनं फोर्कमधली माती काढा, सायकल खांद्यावर घ्या आणि बांधाच्या गवतावरून चाला. मातीवरून ढकलत नेलीत तर दहा पावलांत पुन्हा तेच.

माती लांबून ओळखायची माझी खूण साधी आहे. ऊस दिसला की काळी माती असणार असं समजा. खुरटं गवत, मधूनच बोरीबाभळी आणि तांबूस-करडी जमीन दिसली तर मुरूम. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेकडे, मुळशी-पानशेतच्या अंगाला जाण्याचा मोह आवरा आणि पूर्वेला वळा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण सातशे, आणि सुपे-बारामतीकडे त्याहूनही कमी. जुलैत घाटमाथ्यावर चिखल तुडवला जात असतो तेव्हा जेजुरीच्या माळावर कित्येकदा चाकामागे नुसती धूळ उडते. कालव्याची वाट मात्र पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस सोडूनच द्या. कालव्याचा भराव मातीचा आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीजवळ जनता वसाहतीपाशी हाच कालवा फुटला आणि दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी शिरलं. ओल्या भरावाच्या कडेला चाकोरी पाडणं आपल्या हातून तरी होऊ नये.

आता काटे. या भागात पंक्चरचे दोन धनी आहेत: बाभूळ आणि सराटा. बाभळीचा काटा लांब असतो, दिसतो तरी. सराट्याचं फळ वाटाण्याएवढं, त्याला शिंगांसारखे टोकदार काटे, आणि कसंही पडलं तरी एक टोक वरच राहतं. दिवाळीनंतर वेल वाळतो आणि ही फळं वाटेवर पसरतात. वाटेच्या कडेला पिवळ्या फुलांचा, जमिनीला चिकटलेला वेल दिसला तर चाकोरी सोडू नका.

ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, टायर घेतला म्हणजे काळजी मिटली हा समज बरेच जण बाळगतात. आपल्याकडच्या उन्हात आतलं सीलंट (भोक बुजवणारा पातळ द्रव) दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक काढून कानाशी हलवून बघा. पाण्यासारखा खळखळ आवाज आला नाही तर नवीन भरायची वेळ झाली. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. यवतच्या अलीकडे एकदा टायरची बाजू चिरली, सीलंटनं भरेना, म्हणून आत ट्यूब घातली. पाच मिनिटांत तिची हवा गेली. दुसरी घातली, तिचीही गेली. मग सावलीत बसून टायर उलटा केला आणि आतून बोट फिरवलं. महिनोन्‌महिने सीलंटनं झाकून ठेवलेली काट्यांची टोकं आतल्या अंगाला उभी होती. एक, दोन नव्हे, चौदा मोजली. एकेक चिमट्यानं ओढून काढलं, वाळलेल्या सीलंटचे पापुद्रे खरवडले, ठिगळ लावलेली ट्यूब पुन्हा बसवली आणि घरापर्यंत हवा टिकली. तेव्हापासून भुवया कोरायचा चिमटा पिशवीत असतो. ट्यूब घालण्याआधी टायर आतून पूर्ण चाचपा, आणि बोटाऐवजी फडकं फिरवा. काटा असेल तिथं ते अडकतं.

ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर मात्र काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, दगडावर रिम आपटली आणि मध्ये ट्यूब चिमटली. याच्या उलट चूक डांबरी रस्त्यावरून आलेले करतात: टायर दगडासारखा कडक. मग खडीवर चाक उडतं, हात बधिर होतात, उतारावर पुढचं चाक घसरतं. चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ट्यूबलेसमध्ये ३२ ते ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे, ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. हात तरीही बधिर होत असतील तर हँडलवरची मूठ सैल सोडा आणि कोपर थोडे वाकवा.

गावात पंक्चरचं दुकान मिळेल या भरवशावर पंप घरी ठेवू नका. दुकान मिळतंही, पण त्याच्या हवेच्या नळीचं तोंड मोटारसायकलच्या वॉल्व्हचं असतं आणि तुमच्या चाकाला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह. पितळेचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते वॉल्व्हवरच चढवून ठेवा.

साखळी करकरायला लागली की लोक त्यावर आणखी तेल ओततात. मुरमाची धूळ आणि तेल मिळून पॉलिश पेपरसारखा लगदा होतो आणि दातेरी चकत्या झिजवतो. आधी फडक्यानं कोरडी पुसा, मग थोडंच कोरडं ल्यूब (साखळीचं धूळ न धरणारं वंगण) किंवा मेण लावा.

नकाशावर दिसते ती वाट चालू असेलच असं धरू नका. उपग्रहाचं चित्र उन्हाळ्यातलं असेल तर त्यातला कोरडा ओढा ऑगस्टमध्ये कमरेएवढा वाहत असतो. खडकवासल्याला एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हद्द आहे, दिघी-लोहगावलाही लष्करी जागा आहेत. तिथली पाटी बघितली की मागे फिरा. वाघोली आणि मोशीच्या खाणींजवळ ‘रहदारी नसलेल्या’ कच्च्या वाटेवर खडीचे डंपर भरधाव येतात, म्हणून कानात गाणी नकोत.

आणि माणसं. या वाटा सायकलसाठी केलेल्या नाहीत. त्यावरून कुणाचा ऊस जातो, कुणाची मेंढरं जातात. मेंढरांचा कळप दिसला की वेग वाढवून निसटायचा प्रयत्न करणं ही सगळ्यात धोक्याची चूक. कुत्री पळणाऱ्याच्याच मागे लागतात. मोरगावजवळ मी मेंढपाळाला लांबूनच हाक दिली, “दादा, कुत्री धरा की जरा!” त्यांनी काठी उंचावली. “उतरा खाली अन् चालत या, काय करत न्हाईत.” उतरलो, सायकल कुत्र्यांच्या आणि माझ्या मध्ये ठेवली, सावकाश चालत गेलो. कुत्र्यांनी हुंगलं आणि सोडून दिलं.

वाटेत ठिबकची नळी आडवी असेल तर सायकल उचलून पलीकडे घ्या. उन्हानं कडक झालेली नळी चाकाखाली फुटते आणि रोपांचं पाणी तुटतं. माळावर उन्हाळ्यात चाकोरीबाहेर जाऊ नका; माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांत खडा दिसतात. शेताच्या तोंडाशी बाभळीची फांदी आडवी टाकलेली असेल तर ती गुरं अडवायला असते. जवळ कुणी असेल तर “मावशी, इकडनं जाऊ का?” असं विचारा. जाऊ दिलं तर फांदी बुंध्याकडून धरून बाजूला करा, सायकल पलीकडे घ्या आणि होती तशीच, काट्यांचं तोंड बाहेर करून, पुन्हा लावा.