सबीनो कॅन्यनची वाट: नातवंडांना घेऊन जाणाऱ्या बडोदेकरांसाठी

बडोद्यातील अनेक मराठी घरांतले आजी-आजोबा हिवाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जातात. ज्यांचा मुक्काम ॲरिझोना राज्यात असेल, त्यांनी टूसॉन शहराच्या ईशान्येस, सांता कॅटलिना पर्वताच्या पायथ्याशी असलेली सबीनो कॅन्यन ही दरी नातवंडांसह अवश्य पाहावी. वाळवंटी डोंगरातील दरी म्हटले की खडतर चढण डोळ्यांसमोर येते; येथे मात्र सुमारे सहा किलोमीटरचा पक्का रस्ता ओढ्याच्या काठाने आत जातो, त्यावर खासगी मोटारींना बंदी आहे आणि विजेवर चालणारी शटल गाडी नऊ थांबे घेत वरपर्यंत नेते. बाबागाडीही या रस्त्यावरून सहज ढकलता येते.

शटलने वर जावे आणि उताराने चालत खाली यावे, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. पूर्ण अंतर झेपणार नसेल, तर अलीकडच्या थांब्यावर उतरावे. अगदी लहान मुले असतील, तर शटलचाही आग्रह धरू नये. प्रवेशद्वाराजवळच्या माहिती केंद्रापाशी बहाडा लूप नावाची छोटी, बहुतांशी सपाट निसर्गवाट आहे आणि वाळवंटातील झाडांची पहिली ओळख करून घेण्यास ती पुरेशी आहे.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. जूनमध्ये तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात जायचेच असेल तर सूर्योदयाला निघून उन्हे चढण्यापूर्वी परतावे. ॲरिझोनाचे घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असल्याने नव्याने गेलेल्यांना पहिले काही दिवस पहाटेच जाग येते. त्या जागरणाचा येथे चांगला उपयोग होतो.

सर्वाधिक काळजी पाण्याची घ्यावी लागते. बडोद्याचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला आपण उन्हाला सरावलो आहोत असे वाटते, पण त्या सरावावर येथे विसंबता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्याच्या दमट हवेत अंग घामाने भिजते, म्हणून तहान वेळेवर आठवते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, अंग कोरडेच राहते आणि शरीरातील पाणी किती कमी झाले हे डोके दुखू लागेपर्यंत कळत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी मुलांना दोन-चार घोट पाजावेत, उन्हात माणशी तासाला अर्धा ते एक लिटर पाणी धरावे आणि निम्मे पाणी संपले की जेथे असू तेथून मागे फिरावे. ओढ्याचे पाणी पिऊ नये. सोबत खारे शेंगदाणे किंवा खाखरे असावेत, कारण घामावाटे मीठही जाते. ज्यांना रक्तदाबासाठी पाणी आणि मीठ मोजून घ्यावे लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांना गुंतवून ठेवायला सवारो हा उंच निवडुंग पुरेसा आहे. तो फार सावकाश वाढतो. त्याला पहिली फांदी फुटायला साधारण पन्नास ते पंचाहत्तर वर्षे किंवा अधिकही लागतात, म्हणजे फांद्या असलेला बहुतेक प्रत्येक सवारो आजोबांच्या वयाचा किंवा त्याहून मोठा असतो. त्याच्या खोडातील गोल भोके गिला सुतारपक्षी पाडतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे इवलेसे एल्फ घुबड राहायला येते. अशी भोके शोधायला सांगितले की मुलांची कुरकुर थांबते. हिरव्या खोडाचे पालो वेर्दे झाडही दाखवावे. पाने गळाली तरी ते खोडाच्या सालीतून अन्न तयार करते.

चोया निवडुंगापासून मात्र मुलांना दूर ठेवावे. नुसता स्पर्श झाला तरी त्याचा काटेरी तुकडा सुटून कपड्यात किंवा कातडीत रुततो. तो हाताने ओढू नये. रुंद दातांची फणी तुकड्याखाली सरकवून झटक्यात दूर उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. म्हणून फणी व चिमटा पिशवीत हवेतच. उबदार दिवसांत रॅटलस्नेक हा विषारी साप बाहेर पडतो, त्यामुळे खडकांच्या फटीत हात घालू देऊ नये. साप दिसल्यास थांबून मागे सरावे व त्याला वाट द्यावी.

जुलै ते सप्टेंबरमध्ये तेथेही पावसाळा असतो. पावागडाकडे जोराचा पाऊस झाला की बडोद्यात विश्वामित्री चढते, हे आपल्याला ठाऊक आहे. सबीनोचा ओढा तसाच, पण त्याहून कितीतरी वेगाने चढतो. दरीवर स्वच्छ ऊन असतानाही वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे लोंढे खाली येतात आणि १९३०च्या दशकात बांधलेल्या बुटक्या दगडी पुलांवरून पाणी वाहू लागते. डोंगरावर ढग दिसताच परतावे. पुलावरून पाणी जात असेल, तर ते घोट्याएवढे असले तरी मुलांना घेऊन ओलांडू नये आणि ओसरेपर्यंत उंच जागी थांबावे. निघण्यापूर्वी त्या दिवशीचा हवामानाचा इशारा आणि शटलच्या वेळा पाहून घ्याव्यात. घरातला कुत्रा मात्र घरीच ठेवावा, कारण या दरीत पाळीव कुत्र्यांना प्रवेश नाही.