एकाच कीबोर्डवर ऑर्गन: पट्ट्या वाटण्याआधीची तयारी

संगणकातल्या सॉफ्टवेअरचा ऑर्गन एकाच कीबोर्डवर वाजवायचा, तर हाताच्या आणि पायाच्या भागांना पट्ट्या वाटून मध्ये हद्द आखावी लागते. आधी वाजवायचं काय ते ठरवा, हद्द नंतर आखा. बरेच जण मध्य सी-वर रेघ मारून मोकळे होतात आणि डाव्या हाताला सूर कमी पडले की सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. (ऑर्गन म्हणजे इथे चर्चमधला, नळ्यांचा. संगीत नाटकातल्या पायपेटीला हा उपद्व्याप लागत नाही.)

मापं हाताशी असू द्या. आजच्या ऑर्गनच्या एका मॅन्युअलला (हाताने वाजवायच्या कीबोर्डला) साधारण ६१ पट्ट्या असतात, मिडी क्रमांक ३६ ते ९६ (मिडीत प्रत्येक सुराला क्रमांक असतो, मध्य सी म्हणजे ६०). पेडलला (पायाने वाजवायच्या कीबोर्डला) ३० किंवा ३२, आणि त्याही ३६ पासूनच सुरू. दोघांची सुरुवात एकच, त्यामुळे नुसती हद्द आखून भागत नाही. प्रत्येक भाग वर किंवा खाली सरकवावाही लागतो.

८८ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल (क्रमांक २१ ते १०८), तर हिशेब फार सुरेख जुळतो. २४ ते ४७ हा भाग पेडलला द्या आणि १२ ने वर सरकवा. ४८ ते १०८ मॅन्युअलला द्या आणि १२ ने खाली आणा. अख्खं मॅन्युअल मिळतं, पेडलची दोन सप्तकं मिळतात, आणि डावीकडे उरलेल्या तीन पट्ट्या स्टॉपची (आवाज निवडायच्या खुंट्यांची) पुढची जुळणी लावण्याच्या बटणासारख्या वापरता येतात. मात्र मध्य सी आता एक सप्तक उजवीकडे बसते. हाताला सवय होईपर्यंत चुकायला होतं. बाख वाजवायचा असेल तर हद्द ४८ ऐवजी ५१ वर न्या, कारण त्याच्या बहुतेक पेडल-ओळी मध्य सी-च्या वरच्या डी-पर्यंत जातात. बदल्यात मॅन्युअलचे खालचे तीन सूर जातील. एफ मेजर टोकाटाला हेही पुरत नाही, त्याचं पेडल एफ गाठतं.

अर्थात डावा हात पेडलवर गेला की मॅन्युअलला एकटा उजवा उरतो. साध्या भजनांना (हिम्सना) त्यापेक्षा बास कपलर बरा: मॅन्युअलवर दाबलेला सर्वांत खालचा सूर तो आपणहून पेडलला देतो, हद्दच लागत नाही.

पेडलबोर्ड नसलेल्याने माझ्या मते सुरुवात स्पेनच्या जुन्या ऑर्गनपासून करावी. तिथे सोळाव्या-सतराव्या शतकात एकाच मॅन्युअलचे स्टॉप दोन अर्ध्यांत तोडलेले असत, डावीकडे एक आवाज, उजवीकडे दुसरा; याला मेदियो रेहिस्त्रो म्हणत. तोड मध्य सी आणि सी-शार्पच्या मध्ये, म्हणजे ६० पर्यंत डावा भाग, ६१ पासून उजवा. संगीतच या तोडीसाठी लिहिलेलं, पेडल जवळजवळ नाहीच, आणि ४९ पट्ट्यांचा छोटा कीबोर्डही पुरतो. अशा ऑर्गनचा सॅम्पल सेट (ध्वनिमुद्रित सुरांचा संच) घेतलात तर तोड स्टॉपमध्येच असते; तुम्हाला काहीच आखावं लागत नाही.

आता जोडणी. कीबोर्डवरचं ट्रान्सपोज आणि ऑक्टेव्हचं बटण शून्यावर आहे ना, हे पाहा; नाहीतर आखलेली हद्द भलतीकडे सरकते. हद्द नावाने नको, क्रमांकाने लिहा: ६० क्रमांकाला यामाहा सी-३ म्हणते, इतर अनेक जण सी-४, आणि या घोळात पूर्ण सप्तकाची चूक होते. विभागणी एकाच ठिकाणी करा. कीबोर्डला स्वतःचे झोन असतील तर दोन भाग दोन चॅनलवर पाठवा. नसतील तर ग्रँडऑर्ग या ऑर्गनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअलवर उजवी क्लिक करून मिडीच्या खिडकीत खालची पट्टी, वरची पट्टी आणि सरकवण भरा. दोन्हीकडे केलंत तर कुठला सूर कुठून येतोय ते कळणार नाही.

सस्टेन पेडलला ऑर्गनमध्ये काम नाही, त्याला स्टॉप बदलायला लावा. एक्स्प्रेशन पेडल असेल तर स्वेलला (आवाज लहान-मोठा करणाऱ्या झडपांना). ऑडिओचा बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचा तुकडा) २५६ सॅम्पलच्या आसपास ठेवा; ४८ किलोहर्ट्झला त्याचे पाच मिलिसेकंद होतात, तेवढं चालतं. हद्दीवर रंगीत चिकटपट्टी लावा, पट्टीच्या वर नव्हे, मागच्या फळीवर. सूर दाबलेला असताना हद्द बदलू नका, तो वाजतच राहतो. ‘सर्व सूर बंद’ची आज्ञा कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

शेवटी सेव्ह करा. ग्रँडऑर्गमध्ये ही नोंद त्या-त्या ऑर्गनपुरतीच राहते, दुसरा सॅम्पल सेट उघडलात की आकडे पुन्हा भरायचे.